क्वालिफायिंगचा शुक्रवार

जुलै लागला की शारजाच्या अल नहदातली आमची बिल्डिंग ओस पडायची. शाळा बंद व्हायच्या, ज्यांना रजा मिळाली ते बोजे बांधून गावी जायचे, आणि एरवी कधी वेळेवर न येणारी लिफ्ट बटण दाबायच्या आत हजर व्हायची. त्या वर्षी अब्बांना रजा मिळाली नाही. त्यांच्या कंपनीत दोन स्टोअरकीपर होते, दुसरा आधीच रत्नागिरीला पोचला होता, आणि दोघांनी एकदम जायचं नाही असा नियम होता. मी सोळा वर्षांची होते. या अन्यायाबद्दल मी आठवडाभर घरात कोणाशी धड बोलले नाही, मग बाहेर बोलायला कोणी उरलंच नाही म्हणून अम्मीशी पुन्हा बोलायला लागले. दिवसभर पडदे ओढलेले असायचे. खिडकीतल्या एसीची घरघर, त्याच्या पाण्याची बादलीतली टपटप, आणि दुपारी तीन मशिदींची अजान एकमेकींच्या जरा मागेपुढे. अम्मी सकाळीच सगळा स्वयंपाक उरकून घ्यायची, कारण अकरानंतर किचनमध्ये उभं राहवत नसे. घावणे आणि नारळाच्या रसातलं कोलंबीचं सालन झाकून ठेवलेलं असायचं, आणि मी दर तासाला जाऊन झाकण उघडून बघायचे. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

अब्बा संध्याकाळी ऑफिसातला इंग्रजी पेपर घरी आणायचे, सगळ्यांचा वाचून झालेला, चहाचे डाग पडलेला. मी तो शेवटच्या पानापासून वाचायचे. फुटबॉलचं वेड मला आधीपासून होतं, पण जुलैत फुटबॉल कुठला? मग एके दिवशी खेळाच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, कधीही न ऐकलेल्या गावांची नावं दिसली आणि त्यांच्यापुढे गोलांचे आकडे. चॅम्पियन्स लीग टीव्हीवर दिसते ती सप्टेंबरपासून; पण तिची सुरुवात होते ती जुलैत, कोणाचं लक्ष नसताना. छोट्या छोट्या देशांचे विजेते एकमेकांशी खेळतात, एक सामना आपल्या घरी, एक समोरच्याच्या, आणि दोन्ही मिळून ज्याचे गोल जास्त तो पुढच्या फेरीत. अशा फेऱ्या पार करत करत गेलात तर शेवटी बड्यांच्या ताटात तुमची एक वाटी. उत्तरेकडच्या एका बेटावरचा क्लब मला फार आवडायचा. त्यांचा गोलकीपर पोस्टमन आहे, असं पेपराने एकदा दोन ओळींत छापलं होतं. ते पहिला सामना तीन गोलांनी हरले, दुसरा घरी एका गोलाने जिंकले आणि बाहेर पडले. त्या एका गोलाचा मला फार आनंद झाला होता. पोस्टमनने दुसऱ्या दिवशी टपाल वाटताना लोकांचं काय काय ऐकलं असेल, याचा मी दिवसभर विचार करत बसले.

महिनाभरात मी त्या व्यवस्थेची वही भरून टाकली. कोणाची गाठ कोणाशी पडायची हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, पण सगळ्या चिठ्ठ्या एका भांड्यात नसतात. मागच्या पाच वर्षांत युरोपात ज्यांनी जास्त गुण कमावले ते एका भांड्यात, उरलेले दुसऱ्यात. एक चिठ्ठी इकडची, एक तिकडची. म्हणजे तगड्याची गाठ तगड्याशी सुरुवातीलाच पडत नाही. यालाच मानांकन म्हणायचं. जिंकलात तर दोन गुण, बरोबरीला एक, पात्रता फेरीत निम्मे. क्लब नवखा असेल तर त्याच्या देशातल्या इतरांनी कमावलेल्या गुणांचा थोडा वाटा त्यालाही मिळतो. एकाच देशाचे दोन क्लब सुरुवातीला समोरासमोर आणत नाहीत. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की पुढच्या फेरीची सोडत पुष्कळदा आधीचे निकाल लागण्यापूर्वीच निघते, त्यामुळे तुम्ही एखाद्या बड्याला हरवलंत तर त्याची जागा मानांकनासकट तुमची होते. मला वाटलं, जगात याच्याइतकं सरळ गणित दुसरं नसेल. आमच्याभोवती सगळं वास्त्यावर चालायचं, म्हणजे वशिल्यावर: नोकरी, शाळेतली ॲडमिशन, अगदी पार्किंगसुद्धा. इथे तुमचा मामा कोण आहे हे कोणी विचारत नव्हतं, फक्त पाच वर्षांत काय केलं ते सांगा. आता युरोपवाल्यांनी सगळंच बदललंय. छोट्या देशांच्या विजेत्यांची वाट वेगळी केली, मुख्य फेरीतले गट मोडून छत्तीस क्लबांचा एकच लांबलचक तक्ता केला, आणि सोडतीत चिठ्ठी माणूस काढतो पण प्रतिस्पर्धी कम्प्युटर ठरवतो. परवा मी बसल्या बसल्या माझ्या लेकीला हे समजावत होते, तर ती म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ प्रोग्रॅम." मी म्हटलं, प्रोग्रॅमला पोटात घालायला आकडे कोणीतरी देतंच ना. तिने कानात इयरफोन घातले.

आमची स्वतःची स्पर्धा हिवाळ्यात असायची. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कोकणी मुसलमान गावांतली पोरं गल्फमध्ये सगळीकडे पसरलेली; गावागावाची एक टीम, सात-सात जणांची, आणि वर्षातला एक शुक्रवार. तेव्हा सुट्टी शुक्रवारची होती. फजरची नमाज झाली की शारजातल्या गोदामांमागच्या वाळूच्या मैदानावर सामने सुरू, जुम्म्याच्या नमाजेआधी पहिली फेरी खलास, मग जेवणं, आणि दुपार उतरल्यावर, असरनंतर, उरलेले सामने ते फायनल. अब्बा त्या स्पर्धेचे सेक्रेटरी होते. अध्यक्ष हाजीसाहेब, वयाने सगळ्यांत मोठे, आवाजानेही. सोडत म्हणजे आमच्या घरातलं बिर्याणीचं पातेलं आणि त्यात सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या. आदल्या वर्षी त्या पातेल्याने दोन सगळ्यात तगड्या टीम पहिल्याच सामन्यात भिडवल्या, फायनल सात गोलांची एकतर्फी झाली, आणि लोक सूर्य बुडायच्या, मगरीबच्या आत घरी गेले. या वर्षी एकवीस गावांनी नावं दिली. एका दिवसात सोळाच बसत होती. हाजीसाहेब फोनवर अब्बांना म्हणत होते, "पाँच को ना कैसे बोलूँ? सगळे आपलेच आहेत."

मी बाजूला बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर मी अब्बांपुढे वही ठेवली. पाच वर्षांचे गुण काढायचे. पहिली अकरा गावं थेट सोळांत. खालच्या दहांनी आदल्या शुक्रवारी आपसांत क्वालिफायिंग खेळायचं, पाच जिंकतील ते आत. मग दोन भांडी, मानांकित आणि बाकीचे. अब्बांनी चष्मा लावून तीनदा वाचलं. "हे तू बनवलंस?" म्हणाले. "युरोपने बनवलं," मी म्हटलं, पण मला नम्रता जमत नव्हती, हसू आवरेना. त्यांनी कपाटातून आपलं निकालांचं जुनं रजिस्टर काढून दिलं. पाच वर्षांचे सगळे सामने त्यांच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरांत. दोन संध्याकाळी बेरजा करून मी तक्ता तयार केला. सगळ्यात वर आमचं वेळखाडी, अब्बांचं गाव, एकदा कप आणि दोनदा फायनल. सगळ्यात खाली, शून्य गुणांवर, मोरकोंड. ते खाडीपलीकडचं माझ्या अम्मीचं माहेर, आणि त्यांचा कॅप्टन माझा सख्खा रशीदमामू.

मामू दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये पाइपच्या फॅक्टरीत मशीन चालवायचा आणि कंपनीच्याच खोलीत आणखी पाच जणांबरोबर राहायचा. त्याच्या मशीनवर दोन माणसं होती, तो आणि एक नेपाळी, आणि शुक्रवारी दोघांतल्या एकाने असलंच पाहिजे, म्हणून त्याला एक शुक्रवार आड सुट्टी. सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून तो आमच्याकडे यायचा, दारातच "भूक लागली गं, आपा" म्हणायचा आणि अम्मीच्या ताटात जे असेल ते उचलून खायचा. चौदा वर्षं तो असा येत होता. त्या हिवाळ्यात त्याचा व्हिसा संपत होता आणि कंपनी नवा देत नव्हती. सगळं कॅन्सल करून तो कायमचा गावी चालला होता. तिकीट स्पर्धेनंतरच्या बुधवारचं होतं. स्पर्धेचा शुक्रवार नेमका त्याच्या सुट्टीचा निघाला म्हणून तो महिनाभर आधीपासून खूश होता. "शेवटची मॅच सगळ्यांसमोर खेळणार. मग गुडघ्याला सुट्टी, मला सुट्टी."

सोडतीच्या आदल्या संध्याकाळी मी किचनमध्ये ओट्यावर चढून तक्ता पक्का करत बसले होते. अम्मी तांदळाच्या रोट्या थापत होती. तिने मान तिरकी करून कागद बघितला.

"मोरकोंडला शून्य?"

"रजिस्टरमध्ये शून्यच आहे, अम्मी. दोन वर्षं खेळले, दोन्ही वेळा पहिल्या मॅचला हरले."

"आणि त्याआधीची तीन वर्षं?"

"त्याआधी ते नव्हतेच."

तिने रोटी तव्यावर टाकली, हात पुसले आणि माझ्याकडे वळली. "नव्हते कसे? चारच पोरं होती मोरकोंडची इथे. म्हणून वेळखाडीत मिळून खेळायचे. वेळखाडी-मोरकोंड. जर्सीवर दोन्ही नावं मीच शिवली होती, बोटं फुटली होती माझी. तो कप आला त्या वर्षी रशीदने किती गोल मारले, विचार तुझ्या अब्बांना."

मी रजिस्टर उघडलं. तीनही वर्षं वेळखाडी. रकाना अरुंद होता; अब्बांनी पहिलं नाव लिहिलं होतं आणि दुसऱ्याला जागा उरली नव्हती. मी मनातल्या मनात बेरीज केली. दोन्ही गावांना ते गुण दिले तर मोरकोंड सरळ पहिल्या पाचांत जात होतं. क्वालिफायिंगचा प्रश्नच नव्हता.

"तू सांग अब्बांना," मी म्हटलं.

"मी सांगितलं तर म्हणतील, माहेरची बाजू घेते. कागद तुझा आहे. तू सांग." आणि ती परत तव्याकडे वळली.

मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याची कारणं मी इतकी वर्षं वेगवेगळी देत आले आहे. तक्ता फेअर करून झाला होता, हे एक. अब्बा दमून आले होते, हे दुसरं. खरं कारण मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. जुम्मा झाल्यावर एकवीस गावांचे कॅप्टन आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दाटीवाटीने बसले होते, चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत गेला होता, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. अब्बांनी माझा कागद हातात धरला होता. हाजीसाहेब म्हणाले, "अरे, जिसने बनाया उसको बोलने दो. इकडे ये, बेटा, बस इथे." आणि त्यांनी सोफ्यावर सरकून मला जागा करून दिली. आमच्या घरात पुरुषांच्या बैठकीत मी तोपर्यंत ट्रे ठेवण्यापुरतीच गेले होते. मी बसले. पाच वर्षांचे गुण, दोन भांडी, एका खाडीवरची दोन गावं सुरुवातीला समोर आणायची नाहीत, सगळं समजावून सांगितलं. मोठमोठी माणसं माझ्याकडे बघून माना डोलवत होती. एकजण म्हणाला, "व्हेरी सिस्टिमॅटिक." अब्बांचा चेहरा असा फुलला होता की तसा मी पुन्हा फक्त माझ्या लग्नात बघितला. त्या क्षणी तोंड उघडून 'यात एक चूक आहे' म्हणायचं होतं, आणि मला ते म्हणायचं नव्हतं. एवढंच खरं आहे. अम्मी किचनच्या पडद्याआड उभी होती. तिचे पाय मला दिसत होते.

मामू दरवाज्याजवळ जमिनीवर बसला होता. क्वालिफायिंगची दहा नावं वाचली गेली, त्यात मोरकोंड आलं, तेव्हा त्याने खिशातून ड्युटीचा घडी घातलेला कागद काढला, एकदा बघितला आणि परत ठेवला. कोणी काही विचारायच्या आत म्हणाला, "चालेल. पहिली मॅच किती वाजता?" अब्बा म्हणाले, "सहाला. येशील ना, रशीद?" "इन्शाल्ला, भावजी." मग चिठ्ठ्या निघाल्या. मी स्वतः काढल्या. मोरकोंडची गाठ बागमळ्याशी पडली. जिंकलं तर पुढच्या शुक्रवारी कांदळकोंडशी.

क्वालिफायिंगच्या दिवशी धुकं होतं. हिवाळ्यात तिकडे सकाळी असं धुकं पडतं की समोरची गाडी फक्त दिव्यांवरून कळते. प्रेक्षक म्हणजे मी, अब्बा, दोन रेफ्री आणि टीमबरोबर आलेली दहा-वीस पोरं. मामू पहाटे तीनला निघाला होता. गुडघ्याला पट्टी बांधून तो मागे उभा राहिला आणि सामनाभर तोंडाने खेळला. "डावीकडे! अरे डावीकडे, हबीबी, तिकडे कोणाची वाट बघतोस!" धुक्यातून पोरं कमी दिसायची, त्याचा आवाज तेवढा सगळीकडे पोचायचा. शेवटच्या मिनिटांत मामूच्या टीममधल्या एका हडकुळ्या पोराच्या नडगीला लागून बॉल आत गेला. त्या पोराला स्वतःलाही पत्ता नव्हता. शिट्टी झाली तेव्हा मोरकोंडची बाकीची सहाही पोरं एकमेकांवर पडली, आणि मामू जिथे होता तिथेच वाळूत बसला. मोरकोंडच्या नावाने जिंकलेला तो पहिला सामना होता.

मी रजिस्टर घेऊन त्याच्याजवळ गेले. "लिहिलंस?" तो बुटाची लेस सोडत म्हणाला. "किती गुण?"

"क्वालिफायिंगला निम्मे असतात, मामू. एकच."

"एक तर एक. नीट लिही."

"पुढच्या शुक्रवारी दोन मिळतील."

तो हसला. "पुढच्या शुक्रवारी मी मशीनवर असणार. आजची सुट्टी त्या नेपाळ्याकडून घेतली, बदल्यात माझी दिली ना त्याला. पोरं खेळतील की."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. दोन शुक्रवार त्याला मिळणारच नव्हते. ड्युटीचा कागद बघितला तेव्हाच त्याने ठरवलं होतं की टीमला आपण पाहिजे ते या शुक्रवारी, नाहीतर मोरकोंड आत जाणारच नाही. त्याच्या शेवटच्या सामन्याला सगळी माणसं असणार होती. प्रत्यक्षात मी होते आणि धुकं होतं. तरीही मी गप्प राहिले. आता बोलून त्याला काय मिळणार, असं मी स्वतःला सांगितलं, आणि गप्प बसणाऱ्याला नेहमी असंच एखादं वाक्य सापडतं.

मोठ्या शुक्रवारी मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. स्पर्धा उत्तम झाली, हे मला मान्य करायलाच हवं. तगडे तगड्यांना शेवटी भेटले, फायनल रात्रीच्या इशाच्या नमाजेपर्यंत रंगली, आणि हाजीसाहेबांनी माइकवरून माझं नाव घेतलं. मोरकोंड सकाळी सात वाजता तीन गोलांनी हरलं होतं. मागून ओरडणारं कोणी नव्हतं, पोरं भलतीकडेच धावत होती. माझं नाव घेतलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, पोरगी आनंदाने रडतेय.

मंगळवारी रात्री मामू शेवटचं जेवायला आला. अम्मीने त्याच्या आवडीचं सगळं केलं होतं, सुरमई तळली होती, सांदणं केली होती, आणि स्वतः काही न खाता त्याच्या ताटात वाढत होती. अब्बा नमाजेला गेले होते. मी पाण्याचा तांब्या ठेवायला वाकले आणि तसंच वाकून म्हटलं, "मामू, ते गुण तुझे होते. वेळखाडीचे. तीन वर्षांचे. मला सोडतीच्या आधी माहीत होतं."

तो काटा काढत होता. तोंडातला घास संपवून म्हणाला, "मलाही माहीत होतं. गोल मी मारले, मला नाही माहीत असणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू सोफ्यावर बसली होतीस," तो म्हणाला. "हाजीसाहेबाच्या बाजूला. चौदा वर्षांत मला कोणी त्या सोफ्यावर बस म्हटलं नाही. माझ्या आपाची पोरगी तिथे बसून सगळ्यांना शिकवत होती. मी मध्ये हात वर करून काय बोलू? माझे गुण द्या?" मग माझा चेहरा बघून त्याने सांदण अर्धं करून माझ्या ताटात ठेवलं. "आणि बघ, वेळखाडीबरोबर खूप जिंकलो. मोरकोंडने कधी मॅच मारली नव्हती. तुझं क्वालिफायिंग नसतं तर तीही मारली नसती."

अम्मी म्हणाली, "गप जेव आता." आणि त्याच्या ताटात सुरमईची आणखी एक तुकडी वाढली.

तो मला सोडवायला तसं बोलला, की खरंच त्याला त्या धुक्यातल्या एका गोलाचं मोल होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही असेल. मात्र त्याच्या मोठेपणाने माझी चूक लहान झाली, असं मला कधी वाटलं नाही. ज्या गणितात वास्ता नव्हता म्हणून मी हुरळून गेले होते, त्यात पहिला वास्ता मीच लावला होता, स्वतःसाठी, आणि तोही नुसतं गप्प बसून. अब्बा परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते टोपी काढून मामूच्या समोर बसले. मग मामूकडे बघून म्हणाले, "रशीद, मी लिहिताना आळस केला." आणि मला म्हणाले, "तू बोलताना." त्यांनी रजिस्टर काढलं, माझ्या हातात पेन दिलं, आणि तीन वर्षांच्या प्रत्येक सामन्यापुढे, अरुंद रकान्याच्या बाहेर, समासात, मी मोरकोंड लिहीत गेले. मामू हात धुऊन येऊन मागे उभा राहिला. एका ठिकाणी म्हणाला, "ही मॅच आम्ही बरोबरीत सोडवली होती, जिंकलो नव्हतो. एक गुण कर." दुसऱ्या दिवशी तो गेला. एअरपोर्टवर चौदा वर्षांचं सामान दोन बॅगांत बसलं होतं, आणि त्याबद्दल तो सगळ्यांची चेष्टा करत होता.

पुढच्या हिवाळ्यात अब्बांनी कमिटीपुढे उभं राहून रजिस्टरमधली दुरुस्ती स्वतः वाचून दाखवली. वेळखाडीचे दोघेजण कुरकुरले, हाजीसाहेबांनी त्यांना गप्प केलं. तक्ता मीच केला. माणूस निघून जातो आणि गुण नावापाशी राहतात, हे युरोपातही असंच आहे; ज्याने गोल मारला तो दुसरीकडे गेला तरी पाच वर्षं त्याचा क्लब ते गुण खातो. मामूने कमावलेलं आता मोरकोंडच्या नव्या पोरांना मिळणार होतं. त्यातली तिघं त्याच वर्षी पाइपच्या, पत्र्याच्या, कसल्या कसल्या फॅक्टऱ्यांत कामाला लागली होती. सोडत झाली त्या संध्याकाळी मी गावी फोन लावला. लाइन लागायला वेळ लागला, मग मागे कोंबड्यांचा आवाज आला आणि मामूचा.

"मामू, मोरकोंड सहावं आलं. थेट आत."

"क्वालिफायिंग नाही?"

"नाही. फक्त मोठा शुक्रवार."

पलीकडे त्याने कोंबड्यांना हुसकावलेलं ऐकू आलं.

"म्हणजे पोरांना ड्युटी बदलावी लागणार नाही," तो म्हणाला.

"नाही लागणार, मामू."

"बस. मग झालं." आणि मग त्याने टीम विचारली. मी एकेक नाव वाचत गेले, आणि प्रत्येक नावाला तो विचारत होता, "कुठल्या शिफ्टला आहे?"